तंतुयुक्त ब्रेड आणि खाल्ल्यानंतरची साखर : निवडावा कसा, खावा कसा, तपासावा कसा

घरात कुणाला मधुमेहाचे निदान झाले की सर्वांत आधी पांढरा ब्रेड बंद होतो आणि त्याच्या जागी ब्राउन, आटा, मल्टिग्रेन, ओट्स किंवा ‘हाय फायबर’ असे काहीतरी ठळक अक्षरांत छापलेले पाकीट येते. हेतू चांगला असतो. पण खाल्ल्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर दिसणारा आकडा अनेकदा पूर्वीइतकाच राहतो आणि मग ‘ब्रेड मला चालतच नाही’ किंवा ‘फायबरचा काही उपयोग नाही’ यांपैकी एक निष्कर्ष काढून विषय संपवला जातो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. ब्रेडमधील तंतूंमुळे जेवणानंतरची साखर खरोखर कमी चढू शकते. मात्र ते तंतू कोणत्या जातीचे आहेत, किती आहेत, ब्रेडमध्ये धान्याचे दाणे अखंड उरले आहेत की त्यांचे बारीक पीठ झाले आहे, आणि त्या तंतूंच्या जोडीने किती ग्रॅम स्टार्च पोटात जातो, यांवर सारे अवलंबून असते. पाकिटाच्या दर्शनी बाजूला यातले जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणजे हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. म्हणून ब्रेड विकत घेताना, घरी करताना, खाताना आणि खाल्ल्यावर साखर तपासताना काय पाहावे, ते येथे क्रमाने मांडले आहे.

तंतू साखरेला कसे थोपवतात

ब्रेड भट्टीत भाजला जात असताना पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. असा मऊ झालेला स्टार्च लाळेतील आणि स्वादुपिंडातून येणाऱ्या अमायलेज या विकराला (एन्झाइमला) फार सहज तोडता येतो. त्यात ब्रेड सच्छिद्र असल्यामुळे तो तोंडातच विरघळू लागतो, विकराला आत शिरायला भरपूर जागा मिळते आणि तयार झालेले ग्लुकोज लहान आतड्यातून भराभर रक्तात उतरते. साखरेचा चढ कमी करायचा असेल तर या वाटेवर कुठेतरी अडथळा निर्माण व्हायला हवा. जठरातील अन्न सावकाश पुढे सरकले पाहिजे, विकर स्टार्चपर्यंत उशिरा पोहोचला पाहिजे, ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत जायला वेळ लागला पाहिजे किंवा मुळात पचणारा स्टार्चच कमी असला पाहिजे.

यांतले पहिले तीन अडथळे पाण्यात घट्ट, बुळबुळीत होणारे तंतू निर्माण करतात. ओट्स आणि जव यांतील बीटा-ग्लुकन, इसबगोल आणि गवारीच्या बियांपासून काढलेला ग्वार गम हे या गटातले प्रमुख तंतू होत. गव्हाचा कोंडा या गटात बसत नाही. हा फरक नुसता वाचण्यापेक्षा स्वयंपाकघरात पाहून घ्यावा. दोन पेल्यांत सारखेच पाणी घ्यावे. एकात चमचाभर गव्हाचा कोंडा आणि दुसऱ्यात चमचाभर इसबगोल घालून, ढवळून पंधरा मिनिटे ठेवावे. कोंडा भिजून तळाशी बसतो, वरचे पाणी पाण्यासारखेच पातळ राहते आणि चमचा त्यातून विनासायास फिरतो. दुसऱ्या पेल्यात पाणी असे उरतच नाही. पेला कलंडवला तर सगळा ऐवज एका गोळ्याने घरंगळतो आणि चमच्याला चिकटून तार धरतो. जेवणातील स्टार्च आणि साखर अशा दाट मिश्रणात अडकली की ती बाहेर पडायला वेळ लागतो.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली निरनिराळे तंतू ग्लुकोजच्या पेयात मिसळून ते लोकांना देऊन पाहिले, तेव्हा ज्या तंतूने पेय जास्त दाट झाले त्याने साखरेचा चढ जास्त कमी केला, आणि त्यात ग्वार गम सर्वांत पुढे होता. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. तोच ग्वार गम रासायनिक प्रक्रियेने तोडून त्याचा दाटपणा घालवला, तेव्हा तंतू तेवढाच असूनही परिणाम नाहीसा झाला. तंतूचे नुसते वजन पाहून साखरेचा अंदाज बांधता येत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मागण्याची गरज नाही.

याचा अर्थ गव्हाचा कोंडा निरुपयोगी आहे असा मात्र मुळीच नाही. पोट साफ राहण्यासाठी तो उत्तम आहे, आणि एकूण आहारातून दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू खाणाऱ्या लोकांमध्ये हृदयविकार, पक्षाघात आणि टाइप २ मधुमेह यांचे प्रमाण कमी आढळते, हे ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या मोठ्या आढाव्यात दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी रोज किमान २५ ग्रॅम तंतू खावेत असे सांगितले आहे, आणि ते अन्नात नैसर्गिकरीत्या असलेले असावेत यावर भर दिला आहे. वर्षानुवर्षांचे आरोग्य आणि आज सकाळच्या न्याहारीनंतर चढणारी साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच येथे सांगायचे आहे. कोंड्याचा ब्रेड पहिलीसाठी चांगला आणि दुसरीसाठी जवळजवळ निष्प्रभ असू शकतो.

गव्हाच्या अख्ख्या पिठाचा ब्रेड : एक महत्त्वाचा गैरसमज

कोणता पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो हे मोजण्यासाठी टोरोंटो विद्यापीठात १९८१ साली ग्लायसेमिक इंडेक्स ही मोजपट्टी तयार झाली. त्यात शुद्ध ग्लुकोजला १०० धरतात. ५५ किंवा त्याखालचा आकडा कमी आणि ७० किंवा त्यावरचा जास्त मानला जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सारणीत पांढऱ्या गव्हाच्या ब्रेडची सरासरी ७५ आहे आणि अख्ख्या गव्हाच्या पिठाच्या ब्रेडची ७४. मैद्याऐवजी कणीक वापरून तंतू दुप्पट-तिप्पट झाले, तरी साखरेच्या बाबतीत फरक अवघा एका अंकाचा. कारण दाणा चक्कीत बारीक दळला की कोंड्याचे कवच स्टार्चपासून वेगळे होते. कोंडा पिठात असतो, पण स्टार्चला झाकत नाही.

त्याच सारणीत दाणे घातलेल्या खास ब्रेडची सरासरी ५३ आहे, म्हणजे जिथे दाणा किंवा त्याचे जाड तुकडे शाबूत आहेत तिथे चित्र खरोखर बदलते. आणखी एक आकडा मराठी वाचकाने अवश्य लक्षात घ्यावा : चपातीची सरासरी ५२ दिली आहे आणि गव्हाच्या रोटीची ६२. वेगवेगळ्या प्रयोगांत हे आकडे पुढेमागे होतात हे खरे. पण न फुगवलेली, घट्ट पोताची पोळी ही बारीक कणकेच्या हलक्याफुलक्या ब्रेडपेक्षा साखरेला सौम्य पडण्याची शक्यता बरीच आहे. डब्यातली पोळी सोडून महाग ‘आटा ब्रेड’ घेण्यात मधुमेही माणसाचा कोणता फायदा होतो, हे मला आजवर पटलेले नाही.

फिनलंडमध्ये राई या गव्हासारख्या धान्याच्या (मोहरीच्या नव्हे) ब्रेडवर झालेल्या कामातून याच्या पुढचा एक मुद्दा समोर आला. तेथील संशोधकांनी २००३ साली दाखवले की राईचा ब्रेड खाल्ल्यावर साखरेचा आलेख गव्हाच्या ब्रेडसारखाच दिसला तरी इन्सुलिन कमी लागते, आणि त्याचे कारण तंतूंच्या एकूण प्रमाणात नसून ब्रेडच्या घट्ट रचनेत आहे. म्हणून दुकानात पाकीट हातात घेतल्यावर अंगठ्याने हलकेच दाबून पाहण्याची सवय लावावी. जो ब्रेड कापसासारखा दबतो आणि लगेच वर येतो, तो पोटातही लवकर विरघळणार. जो जड, ओलसर आणि दाणेदार आहे, तो सावकाश पचण्याची शक्यता जास्त. गोव्यातील पोई या पावालाही हाच निकष लावावा. वर कोंडा भुरभुरलेला दिसला तरी आतल्या पिठात मैदा किती आणि गव्हाचे पीठ किती, हे पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारून घेणे बरे.

पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूचे दावे क्षणभर बाजूला ठेवावेत. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅम पदार्थात ३ ग्रॅम तंतू असले की ‘फायबरचा स्रोत’ असे म्हणता येते आणि ६ ग्रॅम असले की ‘हाय फायबर’ असे छापता येते. हा नियम फक्त वजन पाहतो. ते तंतू कोंड्याचे आहेत की इसबगोलाचे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आता एक हिशेब करू. समजा, एका ‘हाय फायबर’ ब्रेडवर १०० ग्रॅममागे कर्बोदके ४८ ग्रॅम आणि तंतू ६ ग्रॅम असे लिहिले आहे, तर शेजारच्या पांढऱ्या ब्रेडवर कर्बोदके ५० ग्रॅम आणि तंतू अडीच ग्रॅम. स्लाइस ३० ग्रॅमचा धरला तर दोन स्लाइसमधून पहिल्यात सुमारे २९ ग्रॅम कर्बोदके आणि ३.६ ग्रॅम तंतू मिळतात, दुसऱ्यात ३० ग्रॅम कर्बोदके आणि दीड ग्रॅम तंतू. स्टार्च फक्त एका ग्रॅमने घटला आणि तंतू दोन ग्रॅमने वाढले. हे वाढलेले दोन ग्रॅम कोंड्याचे असतील, तर ग्लुकोमीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. पहिल्या ब्रेडचा स्लाइस ४० ग्रॅमचा असेल, आणि तब्येतीच्या नावाने विकले जाणारे ब्रेड पुष्कळदा जाड कापलेले असतात, तर दोन स्लाइसमधून ३८ ग्रॅम कर्बोदके जातील आणि साखर पांढऱ्या ब्रेडपेक्षाही जास्त चढेल. म्हणून एक स्लाइस काट्यावर ठेवून त्याचे वजन एकदा तरी करावे.

ओट्सच्या ब्रेडचा हिशेब तर याहून डोळे उघडणारा आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली पुरावे तपासून असे ठरवले की जेवणानंतरची साखर कमी चढते असा दावा करायचा असेल, तर त्या जेवणातील प्रत्येक ३० ग्रॅम पचण्याजोग्या कर्बोदकांमागे ओट्सचे किंवा जवाचे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन असले पाहिजे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण ४ ते ५ टक्के असते. ब्रेडमध्ये १० टक्के ओट्स असतील, तर ६० ग्रॅमच्या दोन स्लाइसमध्ये ६ ग्रॅम ओट्स आणि त्यांतून पाव ग्रॅमच्या आसपास बीटा-ग्लुकन मिळेल. आवश्यक मात्रेच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाएवढे. वरच्या कवचावर चिकटवलेल्या ओट्सच्या पाकळ्या दिसायला सुंदर असतात, साखरेवर त्यांचा परिणाम होत नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, त्यामुळे पहिली तीन-चार नावे नीट वाचावीत. पहिले नाव ‘गव्हाचे पीठ (मैदा)’ असेल आणि कोंडा किंवा ‘मल्टिग्रेन मिश्रण’ मीठ-साखरेच्या जवळपास आले असेल, तर तो मुळात पांढराच ब्रेड आहे. तपकिरी रंग कॅरामेल घालूनही येतो, तेव्हा यादीत १५० क्रमांकाचा रंग आहे का तेही पाहावे. इन्युलिन हे चिकोरीच्या मुळापासून काढलेले तंतू ब्रेडमध्ये घातले की तंतूंचा आकडा सहज वाढतो; पण ते दाट होत नाहीत, त्यांचा काही भाग यीस्टच खाऊन टाकते, आणि पोटात वायू धरण्याचा त्रास मात्र अनेकांना होतो. सेल्युलोज किंवा ‘ओट फायबर’ या नावाने येणारा पदार्थ म्हणजे ओट्सच्या टरफलाचा न विरघळणारा भाग; बीटा-ग्लुकनशी त्याची गल्लत करू नये. रेझिस्टंट स्टार्च, म्हणजे लहान आतड्यात न पचणारा स्टार्च, असेल तर ती जमेची बाजू समजावी, कारण तो पचणाऱ्या स्टार्चची जागा घेतो. युरोपात असा दावा करण्यासाठी एकूण स्टार्चपैकी किमान १४ टक्के स्टार्च या प्रकारचा असावा लागतो. आयएमओ, म्हणजे आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड, हे नाव दिसले तर सावध व्हावे. ते बऱ्याच अंशी पचते आणि रक्तातील साखर वाढवते, म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने त्याला तंतूंच्या व्याख्येत स्थान दिलेले नाही.

परदेशी राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील लेबलवर एकूण कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात, त्यामुळे ते वजा करावे लागतात. ब्रिटन आणि युरोपात ते आधीच वगळलेले असतात, तिथे पुन्हा वजा केल्यास हिशेब चुकतो.

घरी करायचा असेल तर

बाजारात मनासारखा ब्रेड मिळत नसेल, तर घरी करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण तिथे काय आणि किती घातले हे आपल्या हातात असते. धोरण दोन कलमी ठेवावे : दाट होणारा तंतू घालायचा आणि काही दाणे अखंड ठेवायचे.

शंभर ग्रॅम अख्खे जव रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी दाणा मऊ होईल पण फुटणार नाही इतपत शिजवावेत आणि चाळणीत पूर्ण निथळू द्यावेत. जव मिळाले नाहीत तर जाड दलिया उकळत्या पाण्यात भिजवून घेतला तरी चालतो. तीनशे ग्रॅम कणकेत एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा मीठ आणि वीस ग्रॅम इसबगोलाचा भुसा कोरडाच मिसळून घ्यावा. इसबगोल आधी पाण्यात टाकला तर त्याच्या गुठळ्या होतात आणि मग त्या काही केल्या मोडत नाहीत. पाणी दोनशे मिलिलिटरपासून सुरू करून हळूहळू वाढवावे. इसबगोल पाणी ओढत राहतो, त्यामुळे सुरुवातीला सैल वाटणारे पीठ दहा मिनिटांत आवळून येते, आणि त्यानंतरच आणखी शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी लागणार का हे ठरवावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला किंचित चिकट हवे. शेवटी शिजवलेले जव त्यात मिसळून, तेल लावलेल्या साच्यात घालून, पीठ दीडपट फुगले की १९० अंशांवर पाऊण तास ते पन्नास मिनिटे भाजावे. ब्रेड पूर्ण निवेपर्यंत कापू नये. गरम असताना सुरी घातली की आतला भाग चिकट लागतो आणि तो कच्चा राहिला असा समज होतो. या ब्रेडचे बारा स्लाइस केले, तर दोन स्लाइसमधून साधारण तीन ग्रॅम इसबगोल पोटात जातो.

इसबगोलाऐवजी ओट्सचे किंवा जवाचे पीठ घालावे का, असा प्रश्न येईल. घालावे, पण एक अडचण समजून घ्यावी. पीठ आंबत असताना गव्हाच्या पिठातील विकर बीटा-ग्लुकनच्या लांब साखळ्या तोडतात. साखळ्या तुटल्या की दाटपणा कमी होतो आणि दाटपणाबरोबर परिणामही ओसरतो. पोळीला हा धोका नाही, कारण ती आंबवावी लागत नाही. ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात २००९ साली जवाचे लांब साखळीचे बीटा-ग्लुकन चपात्यांत घालून प्रयोग झाला, तेव्हा ४ ग्रॅम आणि ८ ग्रॅम मात्रेच्या चपात्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स साध्या चपातीपेक्षा ठळकपणे खाली आला. त्यात बीटा-ग्लुकन वेगळे काढून घातले होते हे विसरू नये. घरी निम्मी कणीक आणि निम्मे जवाचे पीठ घेतले, तर साठ ग्रॅम पिठाच्या दोन पोळ्यांतून सव्वा ते दीड ग्रॅमच मिळेल. तरीही ओट्सच्या पाकळ्या लावलेल्या ब्रेडच्या ती कितीतरी पुढे आहे.

अखंड जवाचा आणखी एक गुण स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवला आहे. बहुतांश भाग जवाच्या दाण्यांचा असलेला ब्रेड रात्री खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या न्याहारीनंतरचीही साखर कमी चढते. रात्रभर मोठ्या आतड्यातील जिवाणू ते तंतू आंबवत असतात आणि त्यातून तयार होणारी आम्ले शरीराच्या कामाला येतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. सर्वांनाच हा लाभ सारखा मिळत नाही. ज्यांच्या आतड्यात प्रीव्होटेला या जिवाणूंचे प्रमाण जास्त वाढले त्यांना तो अधिक मिळाला, असे २०१५ च्या अभ्यासात दिसले.

ताटात ब्रेड कुठे बसवावा

ब्रेड कितीही चांगला असला, तरी कर्बोदकांची मात्रा ही पहिली आणि सर्वांत प्रभावी किल्ली आहे. चार स्लाइस तंतुयुक्त ब्रेडपेक्षा दोन स्लाइस साधा ब्रेड आणि दोन अंडी ही न्याहारी बहुतेक मधुमेही माणसांना अधिक मानवते.

त्यानंतर येतो क्रम. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. तेच जेवण, तेवढेच जेवण. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा रस आधी, तर एकदा भाज्या आणि कोंबडीचे मांस आधी आणि ब्रेड पंधरा मिनिटांनी. ब्रेड मागून खाल्ला तेव्हा तासाभरानंतरची साखर ३६ टक्क्यांहून अधिक कमी होती. आपल्याकडे हे जमवणे अवघड नाही. मिसळपाव खायचाच असेल तर मटकीची उसळ आणि वाटीभर काकडी-कांदा-टोमॅटो आधी संपवावा आणि एक पाव शेवटी घ्यावा. फरसाणाला कात्री लावली तर उत्तमच. उसळीत स्वतःचे तंतू आणि प्रथिने भरपूर असतात, आणि ब्रेडमध्ये कारखान्यात घातलेल्या तंतूंपेक्षा मला त्यांचा भरवसा अधिक वाटतो.

ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवून लागेल तसा काढून भाजून खाणे हाही सोपा उपाय आहे. गोठताना आणि थंड होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात आणि त्यांचा काही भाग पचायला कठीण होतो. ऑक्सफर्ड ब्रुक्समध्येच २००८ साली निरोगी लोकांवर केलेल्या छोट्या प्रयोगात घरगुती पांढऱ्या ब्रेडबाबत हा परिणाम दिसला. आंबवण खऱ्या अर्थाने दीर्घ असलेल्या सावरडो ब्रेडमधील आम्लेही पचन मंदावतात, आणि जेवणातील व्हिनेगरचा परिणाम त्याच दिशेचा असतो.

लोण्याबद्दल मात्र एक इशारा द्यायला हवा. स्निग्ध पदार्थांमुळे जठर उशिरा रिकामे होते, त्यामुळे पहिल्या तासाचा आकडा छान दिसतो आणि साखरेचे शिखर दोन-तीन तासांकडे सरकते. लोणी-चीजचा थर लावून ‘साखर चढली नाही’ असे म्हणणाऱ्यांनी तिसऱ्या तासालाही एकदा बोट टोचून पाहावे.

स्वतःच्या रक्तावर पडताळणी

वर दिलेले सर्व आकडे सरासरीचे आहेत आणि तुमचे शरीर सरासरी नसते. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत २०१७ साली २० जणांना एक आठवडा कारखान्यात तयार झालेला पांढरा ब्रेड आणि एक आठवडा अख्ख्या गव्हाचा सावरडो ब्रेड दिला, तेव्हा सरासरीत दोहोंत फरक निघाला नाही. पण व्यक्तिशः पाहिले तर काहींची साखर पांढऱ्या ब्रेडने जास्त चढली आणि काहींची चक्क सावरडोने. त्यामुळे ज्याच्यावर नेहमी पैसे खर्च करायचे, तो ब्रेड स्वतःवर तपासून घेणेच शहाणपणाचे.

तपासणी सकाळी, रात्रभराच्या उपाशीपोटी करावी. दोन ब्रेडची तुलना करताना स्लाइस सारखे न घेता कर्बोदके सारखी घ्यावीत, म्हणजे प्रत्येक ब्रेडचे ३० ग्रॅम कर्बोदके देणारे वजन लेबलवरून काढून तेवढाच तुकडा काट्यावर मोजावा. सोबत पाणी किंवा बिनसाखरेचा चहा, तोही दोन्ही दिवशी सारखाच. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा खोटा वर जातो. पहिला घास घेतल्यापासून वेळ मोजावी आणि सुरुवातीची, एका तासाची आणि दोन तासांची साखर लिहून ठेवावी. स्ट्रिप परवडत असतील तर अर्ध्या आणि दीड तासाचीही. त्या दोन तासांत फिरायला जाऊ नये, कारण चालण्याने साखर उतरते आणि श्रेय फुकट ब्रेडला मिळते. झोप न झालेली रात्र, ताप किंवा ताणाचा दिवस असेल तर तपासणी पुढे ढकलावी.

एकाच दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. ग्लुकोमीटरसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक १०० मिलिग्रॅमच्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेते. म्हणजे १६० हा आकडा प्रत्यक्षात सुमारे १४० ते १८८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. एका ब्रेडनंतर १६८ आणि दुसऱ्यानंतर १५९ आले म्हणून दुसरा चांगला ठरत नाही. प्रत्येक ब्रेड निदान दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तपासावा आणि फरक दर वेळी त्याच दिशेने, तीस-चाळीस मिलिग्रॅमच्या घरात येत असेल तरच तो मानावा. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला असेल तर तो रक्तापेक्षा काही मिनिटे मागे चालतो हे ध्यानात घ्यावे, पण संपूर्ण आलेख दाखवण्यात त्याच्या तोडीचे साधन नाही. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांतील शिखर १८० च्या खाली असावे असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. गरोदरपणात मर्यादा याहून बऱ्याच कडक असतात आणि तिथे डॉक्टरांनी दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

कुणी सांभाळून राहावे

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके एकदम कमी करू नयेत किंवा इसबगोलाचा ब्रेड अचानक रोजचा करू नये, कारण औषधाचा डोस तोच राहिला आणि साखर उशिरा व कमी चढली तर ती धोकादायकरीत्या उतरू शकते. बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आणि पहिले काही दिवस जेवणाआधी व नंतर साखर तपासावी. दीर्घकाळच्या मधुमेहात ज्यांचे जठर आधीच मंद चालते, दोन घासांत पोट भरल्यासारखे होते किंवा जेवणानंतर तासन्‌तास मळमळते, त्यांनी दाट होणारे तंतू वैद्यकीय सल्ल्याशिवाय वाढवू नयेत. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी इसबगोल टाळावा, आणि इतरांनीही असा ब्रेड खाताना पुरेसे पाणी प्यावे. इसबगोलामुळे काही औषधे शोषली जाण्यास उशीर होतो, म्हणून थायरॉइडसारख्या गोळ्या आणि हा ब्रेड यांत किती अंतर ठेवावे, ते औषध लिहून देणाऱ्यांना विचारावे. तंतू रोजच्या आहारात नवे असतील तर पहिल्या आठवड्यात एकच स्लाइस घ्यावा. पोट फुगणे, गुडगुडणे थांबले की दुसरा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना नुसती फास्टिंग-पीपीची चिठ्ठी न नेता ब्रेडचे नाव, स्लाइसचे वजन, सोबत काय खाल्ले आणि पहिल्या-दुसऱ्या तासाचे आकडे लिहिलेली वहीही सोबत न्यावी, कारण डोस कमी-जास्त करताना डॉक्टरांना तीच जास्त उपयोगी पडते.